आपल्या नावाने सही कोण करणार? भोपाळची गोष्ट आणि आपली सोसायटी



आज जरा लांब लिहितोय. वाऱ्यामुळे बोटी तशाही बंदरातच आहेत, तर चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात शेजारच्या बंदरावर एक कागद फिरला. प्रकल्प कुठला, माणसं कुणाची, ते इथे लिहीत नाही. कागद दोन पानांचा होता. पहिल्या पानावर ठळक अक्षरात, की मासेमारीचं नुकसान झालं तर भरपाई मिळेल. दुसऱ्या पानाच्या तळाला, बारीक अक्षरात, की यापुढे आमच्या वतीने बोलणी, तडजोड आणि कोर्टाचं काम अमुक समिती बघेल आणि ती जे मान्य करेल ते आम्हाला बंधनकारक राहील. त्या समितीत मच्छीमार एकही नाही. "करून टाकूया सह्या, आपल्याला कुठे कायदा कळतो," असं म्हणणारे निम्मे होते. एका म्हाताऱ्या नाखव्याने चष्मा लावून दुसरं पान मोठ्याने वाचलं, म्हणून सह्या थांबल्या.

ते ऐकलं आणि मला भोपाळ आठवलं. माझा भाचा तिथे भेलच्या कॉलनीत राहतो. त्याच्याकडे गेलो की मी सकाळी मोठ्या तलावावर जातो. सवय आहे, पाणी दिसलं की होडी शोधायची. तिथेही आपल्यासारखेच लोक जाळी टाकतात, रोहू-कटला काढतात. पण तलावापेक्षा जास्त लक्षात राहिला तो बंद कारखाना आणि त्याच्यासमोरचा आई-मुलाचा पुतळा. भाच्याने तिथे उभं राहून मला जी हकिगत सांगितली आणि नंतर मी जी वाचून काढली, ती आपल्या प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या कमिटीने वाचायला हवी असं माझं मत आहे. गॅस किती विषारी होता ते आपल्याला माहीत आहे. लोकांच्या नावाने कोर्टात कोण उभं राहिलं आणि त्यामुळे काय झालं, ते आपल्याला माहीत नाही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट सुटला. हजारो माणसं गेली. काही दिवसांत अमेरिकेतले वकील विमानाने भोपाळात उतरले आणि वस्त्यांमध्ये फिरून लोकांचे अंगठे घेऊ लागले. ही लूट थांबवायला, असं सांगून, सरकारने मार्च १९८५ मध्ये कायदा केला. त्या कायद्याने सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा आणि तडजोड करण्याचा हक्क एकट्या केंद्र सरकारकडे गेला. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. गरीब, आजारी, निरक्षर माणूस अमेरिकेतल्या कंपनीशी एकटा कसा भांडणार? पण त्या दिवसापासून भोपाळचा माणूस स्वतःच्या केसमध्ये परका झाला.

सरकारने आधी न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. १९८६ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी तो भारतात चालवा म्हणून परत पाठवला. मग भोपाळच्या जिल्हा कोर्टात ३.३ अब्ज डॉलरचा दावा लागला. डिसेंबर १९८७ मध्ये जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी तात्पुरती मदत म्हणून ३५० कोटी रुपये द्यायला सांगितले. कंपनी हायकोर्टात गेली, तिथे ते २५० कोटी झाले. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात. आता नीट बघा, सुप्रीम कोर्टासमोर विषय होता फक्त तात्पुरत्या मदतीचा. आणि १४ फेब्रुवारी १९८९ ला तिथेच सगळ्या केसचा निकाल लागला. कंपनीने ४७ कोटी डॉलर द्यायचे, तेव्हाचे सुमारे ७१५ कोटी रुपये, आणि सगळे दावे मिटले. फौजदारी केससुद्धा मिटली. सही सरकारची. ज्यांची फुप्फुसं जळाली त्यांना कुणी विचारलं नाही.

मृत्यूंचा आकडा धरला होता ३ हजार. पुढे दावे तपासले तेव्हा मृत्यूचे पाच हजारांवर दावे मान्य करावे लागले आणि एकूण भरपाई मिळणारे निघाले ५ लाख ७० हजारांच्या पुढे. रक्कम मात्र ठरून गेलेली. बहुतेकांच्या हातात पडले २५ हजार रुपये.

आणखी एक गोष्ट, जी वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. युनियन कार्बाइडच्या इथल्या कंपनीत भारतातल्या सरकारी वित्तसंस्थांचे सुमारे २२ टक्के शेअर होते. म्हणजे पीडितांचा पालक म्हणून उभं राहणाऱ्या सरकारचा हात थोडासा कारखान्यातही होता. हा मुद्दा पीडितांच्या बाजूने कोर्टात मांडला गेला. चरणलाल साहू केसमध्ये डिसेंबर १९८९ ला सुप्रीम कोर्टाने कायदा वैधच ठरवला. तडजोडीआधी लोकांचं ऐकायला हवं होतं हे कोर्टाने मान्य केलं, पण तेवढ्यासाठी तडजोड मोडली नाही.

आता आपल्याकडे वळूया. उरणचं बंदर कुणाचं? केंद्राचं. ओएनजीसी कुणाची? केंद्राची. सिडको? राज्याची. वाढवणचं बंदर बांधणाऱ्या कंपनीत ७४ टक्के हिस्सा जेएनपीएचा आणि २६ टक्के महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा. आपल्याकडे मालकही सरकार आणि आपला पालकही सरकार. भोपाळात २२ टक्के होतं, इथे शंभर. मग "सरकार बघेल" म्हणून सही करायची, तर नेमकं कुणाविरुद्ध कोण बघणार? मी सरकारविरोधी माणूस नाही, डिझेल परताव्यासाठी मीही मत्स्यव्यवसाय खात्याच्या पायऱ्या झिजवतो. पण दोन बाजूंचा वकील एकच असला तर आपल्या घरातल्या वाटणीतही आपण आक्षेप घेतो की नाही?

भोपाळच्या लोकांनी मग काय केलं? संघटना केल्या. भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटन ही त्यातली सगळ्यात मोठी, अब्दुल जब्बार तिचे संयोजक. ते २०१९ मध्ये गेले, नंतर त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ही संघटना वर्षानुवर्षं दर शनिवारी शाहजहानी पार्कात सभा घ्यायची. मोठा हॉल नाही, माईक-मंडप नाही, बागेत खाली बसायचं. येणाऱ्या बहुतेक बुरखा नाहीतर साडीतल्या बायका, वस्त्यांतल्या. काय झालं, पुढची तारीख कधी, कुणाच्या दाव्यात काय अडकलंय, हे तिथे बोललं जायचं. दुसरी एक स्टेशनरी कारखान्यात काम करणाऱ्या गॅसपीडित बायकांची युनियन. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या तिच्या पुढारी, एक मुसलमान, एक हिंदू. पक्क्या नोकरीसाठी त्या १९८९ मध्ये भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत गेल्या. २००४ मध्ये दोघींना गोल्डमन पुरस्कार मिळाला, त्या पैशातून त्यांनी गॅसग्रस्त घरांतल्या अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट काढला.

संघटना अनेक होत्या, सगळ्यांचं आपसात पटत होतं असंही नाही. आपल्याकडे काय वेगळं आहे! पण एक काम त्यांनी केलं. तडजोड झाली, सरकारची सही झाली, तरी त्या फेरविचाराचा अर्ज घेऊन सुप्रीम कोर्टात उभ्या राहिल्या. ३ ऑक्टोबर १९९१ ला निकाल आला. रक्कम वाढली नाही. पण मिटवलेली फौजदारी केस पुन्हा उघडली आणि पैसे कमी पडले तर ते केंद्र सरकारने भरायचे असं कोर्टाने लिहून ठेवलं. ज्या लोकांना कायद्याने केसबाहेर बसवलं होतं, त्यांच्या अर्जावर हे झालं. मधल्या काळात, १९९० मध्ये, बाधित वॉर्डांतल्या लोकांना माणशी महिना २०० रुपये तात्पुरती मदतही सुरू झाली होती. दोनशे रुपये म्हणजे काहीच नाही असं आज वाटेल. त्या वेळी त्यात घरात पीठ येत होतं.

कंपनीचे डॉलर मध्यंतरी बँकेत वाढत होते. रुपया पडत गेला, व्याज चढत गेलं. वाटप झाल्यावरही सुमारे दीड हजार कोटी शिल्लक राहिले. ते पीडितांचेच आहेत, त्यांच्यातच वाटा, असा आदेश सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये दिला. पुन्हा साधारण तेवढेच पैसे प्रत्येकाला मिळाले. वीस वर्षांनी!

आता ज्या निकालाचा आपल्याशी थेट संबंध आहे, त्याकडे येतो. महिला उद्योग संघटनने १९९८ मध्ये आणखी एक याचिका केली होती, औषधोपचार आणि संशोधनाबद्दल. ती चौदा वर्षं चालली. ९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. रुग्णांच्या नोंदी संगणकावर घ्या, प्रत्येकाला आरोग्य पुस्तिका द्या, देखरेख समितीला ताकद द्या, आणि पुढचं काम जबलपूरच्या हायकोर्टाने बघावं. याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं, की पर्यावरणाचे जे वाद राष्ट्रीय हरित लवादाच्या कायद्यात बसतात ते यापुढे लवादाकडे न्यावेत. म्हणजे भोपाळच्या बायकांच्या याचिकेतून देशभरातल्या लोकांना एक वाट दाखवली गेली. हरित लवादाचं मध्य विभागाचं खंडपीठही भोपाळातच बसतं. आपलं पुण्यात.

त्या पुण्याच्या लवादात उरणचे लोक गेले. रामदास कोळी आणि इतर, पारंपरिक मच्छीमार बचाव कृती समितीचे. तक्रार साधी होती. बंदराचा भराव आणि बांधकाम यामुळे भरती-ओहोटीचं पाणी खाडीत पूर्वीसारखं खेळत नाही, तिवरं गेली, मासळी गेली. २७ फेब्रुवारी २०१५ ला लवादाने आदेश दिला. १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये, म्हणजे घरटी ५ लाख ८४ हजार. सगळ्यात मोठा वाटा जेएनपीटीने भरायचा, बाकीचा ओएनजीसी आणि सिडकोने. नंतर अपील झालं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात लांबलं, ते उरणकरांनाच विचारा. पण खाडीतल्या हाताने मासे धरणाऱ्या माणसाचंही नुकसान मोजता येतं आणि त्याचा पैसा होतो, हे त्या दिवशी कागदावर आलं.

लवादाच्या कायद्यात अर्ज कोण करू शकतो ते कलम १८ मध्ये लिहिलंय. ज्याला इजा झाली तो, ज्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तो, आणि बाधित लोकांची प्रतिनिधी संस्था किंवा संघटनासुद्धा. सोसायटी, कृती समिती, दोन्ही त्यात येऊ शकतात. फक्त मुदत बघा. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षं, इतर वादाला सहा महिने, वर साठ दिवसांची सवलत लवादाच्या मर्जीवर. आपण काय करतो? तीन वर्षं निवेदनं देतो, दोन वर्षं मंत्र्यांची वेळ मागतो, आणि मग वकिलाकडे जातो. तो तारीख विचारतो, आपण एकमेकांकडे बघतो.

लवाद हा एकच दरवाजा आहे असंही समजू नका. मध्य प्रदेशच्या हायकोर्टातल्या वकिलांच्या संघटनेने लवाद भोपाळातून जबलपूरला न्या म्हणून याचिका केली होती. मागणी फेटाळली गेली, पण त्या केसमध्ये मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की लवाद आला म्हणून हायकोर्टाचा रिट अधिकार संपलेला नाही.

आणि हायकोर्टात सोसायटी म्हणून उभं राहिलेलं उदाहरण मुंबईतच आहे. वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी. नाव वाचलंत ना? तुमच्या-माझ्यासारखीच नोंदणी झालेली सोसायटी. कोस्टल रोडच्या विरोधात तिची याचिका होती, बाकीच्यांच्याही होत्या. १६ जुलै २०१९ ला मुंबई हायकोर्टाने रस्त्याची सीआरझेड परवानगी रद्द केली. डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. मग लढा राहिला खांबांमधल्या अंतराचा. ६० मीटरमधून भरतीच्या वेळी बोट काढणं म्हणजे जीव मुठीत घेणं. कोळ्यांनी २०० मीटर मागितले. शेवटी एक खांब कमी करून १२० मीटर झाले. हरले की जिंकले? वरळीत दोन्ही मतं ऐकायला मिळतील. माझं मत विचाराल तर, सोसायटी कोर्टात गेली नसती तर तो खांब तिथे उभा असता.

"आमची कृती समिती नोंदणीकृत नाही, मग?" हा प्रश्न नेहमी येतो. १९८० मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या केसमध्ये, अखिल भारतीय शोषित कर्मचारी संघाच्या, हाच आक्षेप आला होता. सुप्रीम कोर्टाने तो मानला नाही. एकच तक्रार असलेली माणसं मोठ्या संख्येने समोर असतील तर नोंदणी नाही म्हणून त्यांना दारातून परत पाठवायचं नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा दार उघडतं. पण आत गेल्यावर नोंदणी नसलेल्या समितीला बँक खातं, ऑडिट, पावती, सगळंच अवघड. आपल्याकडे सोसायटी आहे, मग ती बाजूला ठेवून दरवेळी नवी समिती का काढायची हे मला कळत नाही. खरं तर कळतं. नवीन समितीत नवीन अध्यक्ष होता येतं.

पैशाचंही बोलूया, कारण संस्थांचं घोडं तिथेच अडतं. भोपाळात संभावना ट्रस्टचा दवाखाना आहे, १९९६ पासून. गॅसग्रस्तांना मोफत औषध, आयुर्वेदही, ॲलोपॅथीही. परदेशी देणगी घेण्याची त्यांची नोंदणी गेली आणि २०२२ च्या अखेरीस दवाखाना थांबवायची वेळ आली. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाले. पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यायचे, एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला द्यायचे नाहीत, कार्यालयीन खर्च वीस टक्क्यांच्या आत. एप्रिल २०२२ मध्ये, नोएल हार्पर केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने हे बदल कायम ठेवले आणि सांगितलं की परदेशी पैसा मिळवणं हा काही कुणाचा अनिर्बंध हक्क नाही. लहान गावात काम करणाऱ्या, मोठ्या संस्थेकडून थोडे पैसे घेऊन चालणाऱ्या संस्थांचे हाल झाले.

दुसरीकडे मार्च २०२० चा एक निकाल आपल्या बाजूचा आहे. नियम असा होता की बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो नेहमी करणारी संघटना राजकीय स्वरूपाची ठरवता येईल आणि तिचा परदेशी पैसा बंद करता येईल. इन्साफ नावाच्या संस्थेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, लोकांच्या प्रश्नासाठी रस्त्यावर उतरणं म्हणजे पक्षाचं राजकारण नव्हे. ज्यांचा सक्रिय राजकारणाशी संबंध नाही त्यांना हा नियम लावू नका. आपण परदेशी पैसा घेत नाही, घेणारही नाही. पण उद्या कुणी "मोर्चा काढलात, तुम्ही राजकीय" म्हणून धमकावलं, तर हा निकाल खिशात ठेवा.

आपला पैसा म्हणजे सभासदांची वर्गणी, बर्फ-डिझेलवरचं थोडं कमिशन. त्यातून कोर्टखर्चाला वेगळा फंड काढा, सर्वसाधारण सभेत ठराव करून, असं मी तीन वर्षं सांगतोय. दर वेळी उत्तर येतं, आधी जेट्टीचा दिवा लावा. दिवा लावूच. पण वकिलाची पहिली फी जो देतो तोच पुढे वकिलाला सांगतो काय मागायचं. ती फी बाहेरच्या पुढाऱ्याने दिली तर केस त्याची झाली म्हणून समजा.

आता माझा खरा राग, आणि तो आपल्यावरच आहे. आपल्या नोंदवहीत नावं कुणाची? बोटमालकांची. खलाशाचं नाव नाही. डोलीच्या खुंट्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाचं नाव नाही, कारण त्याच्या नावावर बोट नाही. आणि टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने बाजारात जाणारी बाई? ती तर आपल्या हिशोबातच नाही. मासळी कमी झाली की पहिला धंदा तिचा बसतो. उरणच्या आदेशात १,६३० कुटुंबं आहेत. एक हजार सहाशे एकतिसावं कुटुंब असेल तर ते आता कुणाकडे जाणार? भोपाळात हेच झालं. दवाखान्याची चिठ्ठी जपली, रेशनकार्ड होतं, त्याचा दावा उभा राहिला. ज्याच्याकडे कागद नव्हता तो वर्षानुवर्षं दावा न्यायालयाच्या ओसरीत बसला. आणि लढणाऱ्या बहुतेक बायका होत्या, म्हणून तर ती लढाई तीस-पस्तीस वर्षं टिकली. आपल्या सभेला बायका किती येतात? मागच्या वेळी मी मोजल्या. चार. त्यातल्या दोघी चहा द्यायला.

नुकसान दाखवायचं तर मासळीची नोंद हवी. कुठल्या महिन्यात किती डबे बोंबील, किती जवळा, किती कोळंबी, दहा वर्षांपूर्वी किती आणि आज किती. सोसायटीकडे लिलावाची वही असते, ती फाटेपर्यंत वापरतो आणि मग रद्दीत. समोरच्या पक्षाकडे संस्थेने करून दिलेला जाडजूड अहवाल असतो, आपल्याकडे "पूर्वी लई मासळी होती" एवढंच. कोर्ट तरी काय करणार?

आणि भोपाळचा शेवटचा मोठा निकालही सांगतो, कारण अर्धी गोष्ट सांगणं बरं नाही. २०१० मध्ये केंद्र सरकारनेच पुन्हा सुप्रीम कोर्टात जाऊन कंपनीकडून आणखी सात हजार कोटींवर रक्कम मागितली. १४ मार्च २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती मागणी फेटाळली. इतक्या वर्षांनी तडजोड उकरता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. १९९१ मध्ये सांगितलेला विमा सरकारने कधी उतरवलाच नाही, हा सरकारचाच निष्काळजीपणा, असंही लिहिलं. रिझर्व्ह बँकेत पडून असलेले ५० कोटी उरलेल्या दाव्यांना वापरा म्हणाले. १९८९ ची ती एक सही चौतीस वर्षांनीही पुसता आली नाही. सही करणाऱ्यालाच ती पुसायची होती तरीही!

कारखान्यातला विषारी कचरा तिथेच पडून होता. तो उचला म्हणून २००४ मध्ये जनहित याचिका झाली होती. हायकोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये चार आठवड्यांची मुदत दिली, तेव्हा कुठे जानेवारी २०२५ च्या पहिल्या दिवसांत ३३७ टन कचरा पीथमपूरला गेला आणि जूनअखेर जाळून झाला. पीथमपूरच्या लोकांनी आमच्याकडे का म्हणून आंदोलन केलं, तेही बरोबरच. जमिनीत मुरलेलं विष अजून तिथेच आहे.

कोर्टात गेलं की लगेच मिळतं असं मी म्हणत नाही. चाळीस वर्षं लागतात, हरताही येतं. पण न जाता दुसऱ्याला सही करू दिली तर काय होतं त्याचा आकडा वर लिहिलाय, २५ हजार.

त्या दोन पानी कागदावर आपल्या सोसायटीची सही अजून झालेली नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला, बोटी किनाऱ्यावर असतील तेव्हा, सोसायटीच्या हॉलमध्ये विशेष सभा आहे. तीन विषय आहेत: बोलणी आणि कोर्टकाम यांचा अधिकार सोसायटीबाहेर कुणाला द्यायचा नाही हा ठराव, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बायकांना सभासद करून घ्यायची उपविधी दुरुस्ती, आणि लिलावाच्या जुन्या वह्या गोळा करणं. ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या वह्या, पावत्या पडल्या असतील त्यांनी झटकून घेऊन या. उंदरांनी खाल्लेल्याही चालतील. आणि घरातल्या बायकांना सोबत आणा, चहा त्या दिवशी आम्ही करतो.